एक्केचाळिसावं कोरं पाकीट

म्हैसूर, ९ जून २०२५

प्रिय गिरिजा आत्या,

साष्टांग नमस्कार. लेकीकडे बस्तान बसलं का, मिरजेचं पाणी मानवलं का? फोनच केला असता, पण तुम्हीच मला बजावून ठेवलंय की कामाचं बोलणं फोनवर केलं की निम्मं वाऱ्यावर जातं. म्हणून लिहिते. माझ्या मराठीतल्या चुकांना लाल शाई लावून पत्र परत पाठवू नका, एवढंच मागणं.

तुम्ही सव्वीस वर्षं टपालाच्या ज्या टेबलावर बसलात, तिथेच मी डिसेंबरपासून बसते. नजरबादची तीच खोली, तोच खडखडणारा पंखा. विजयनगरच्या आमच्या चार माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीला तुमच्या मालकीणबाई वनजा मॅडमनी काम दिलंय. कुठल्या ग्राहकाला कुठलं श्रवणयंत्र दिलं, कानाची तपासणी कधी झाली, पुढची कधी, ही सगळी माहिती त्यांच्या ज्या जुन्या प्रोग्राममध्ये आहे, त्याला आता मेल पाठवता आणि घेता आला पाहिजे. आजवर प्रत्येक जण आपापल्या मेलवरून ग्राहकांना लिहायचा. यंत्रं दुरुस्त करणारा उदय तीन आठवडे रजेवर गेला, तर त्याच्या मेलमध्ये एकोणीस ग्राहकांची उत्तरं तशीच पडून राहिली. कुणाचं यंत्र बंद, कुणाला कानाचा नवा साचा हवा, आणि इकडे कुणाला पत्ताच नाही. म्हणून मॅडमनी ठरवलं की मेल प्रोग्राममधूनच जाईल, उत्तरही तिथेच येईल आणि ज्या ग्राहकाचं असेल त्याच्या पानावर आपोआप जाऊन बसेल.

पाठवण्याची बाजू मी मे महिन्यात पुरी केली. तपासणीची आठवण म्हणून पहिल्या बारा ग्राहकांना मेल धाडले. वर कंपनीचं नाव आणि आपल्या पाकिटांवर असतो तो मोठा निळा कान. ठसठशीत दिसत होता, मी खूश. चौथ्या दिवशी कृष्णराजनगरहून एक मुलगी बस धरून आली. श्रीलक्ष्मी तिचं नाव, शाळेत शिकवते, मागच्या वर्षी लग्न झालं. यंत्र केसांखाली लपतं, सासरी कुणाला ठाऊक नाही. आणि तिचा म्हणून आपल्याकडे लिहिलेला मेलचा पत्ता निघाला तिच्या दिराचा. त्याने तो मेल छापून आणून जेवणाच्या वेळी तिच्यापुढे ठेवला. शाळेतल्या एका मुलासाठी चौकशी केली होती असं सांगून तिने वेळ मारून नेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गिरिजा मॅडम होत्या तेव्हा असं कधी झालं नाही. त्या कोऱ्या पाकिटातून पाठवायच्या."

आत्या, ही कोऱ्या पाकिटांची काय भानगड आहे? वनजा मॅडमना माहीत नाही, प्रोग्राममध्ये कुठे खूण नाही. अशी किती माणसं आहेत? ते कळेपर्यंत मी मेलचं बटण बंद करून ठेवलंय. माझ्यामुळे कुणाच्या घरात तमाशा नको.

आता दुसरं. ते कामाचं नाही. संक्रांतीला मी अप्पांना धनुषबद्दल सांगितलं. सरकारी शाळेत गणित शिकवतो, रंगाऱ्यांच्या घरातला आहे पण आता घरात कुणी रंगकाम करत नाही, आपल्यासारखंच मराठी-कन्नड मिसळून बोलतात, सगळं सांगितलं. अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. पाच महिने होत आले, तो विषय त्यांनी काढलेला नाही. अम्मा असती तर तिने त्यांना बोलतं केलं असतं. धनुषची आई, अनुसूयाबाई, गौरी-गणपतीपर्यंत थांबणार आहेत, मग दुसरीकडे बघणार. त्यांचं तरी काय चुकलं? मला अप्पांचं मन मोडून जायचं नाही, आणि धनुषलाही सोडायचं नाही. तुम्ही मध्ये पडू नका. अप्पांना यातलं काही कळवाल तर तुम्हाला माझी शपथ आहे. कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून लिहिलं.

तुमची,
चंदना


मिरज, १५ जून २०२५

चि. चंदना,

अनेक आशीर्वाद. लाल शाई काढली होती, पण परत ठेवली. तुझं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे. इथे मी बाजारात 'असू दे' म्हणायचं तिथे 'परवागिल्ला' म्हणून जाते आणि मी परदेशातून आल्यासारखी भाजीवाली माझ्याकडे बघते.

कोऱ्या पाकिटांचं ऐक. मी नोकरीला लागले त्याच वर्षी एका बस कंडक्टरला आपण यंत्र दिलं होतं. तपासणीचं पत्र त्याने डेपोच्या पत्त्यावर मागवलं आणि आपला तो निळा कान दिवसभर डेपोतल्या टेबलावर पडून राहिला. दुसऱ्या दिवसापासून सगळा डेपो त्याच्याशी ओरडून बोलायला लागला. तो येऊन माझ्यासमोर बसला आणि रडला, चांगला मिशीवाला गडी. त्याच दिवशी मी साधी पांढरी पाकिटं आणून खणात ठेवली.

पुढे माझी रीतच पडली. नवीन ग्राहक यंत्र घेऊन निघाला की मी हळूच विचारायची, "पत्र घरी कसं पाठवू?" जो "म्हणजे?" म्हणेल त्याला निळा कान. जो गप्प होईल त्याला कोरं. जावक वहीत त्याचं नाव न लिहिता मी फक्त एक टिंब द्यायची. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्या म्हणणार, ऐकू न येण्यात लाज कसली? बरोबर आहे त्यांचं. पण त्यांना कधी कुणी मागून हाका मारून हसलेलं नाही.

ती माणसं अजून आहेत. यादी मी वेगळी, रजिस्टर टपालाने धाडते. मेलवर नाही, कारण मेलचं काय होतं ते तूच आत्ता सांगितलंस.

मालोजीचं, तुझ्या अप्पांचं, म्हणशील तर तुझी शपथ पाळीन. धाकटा भाऊ असला तरी त्याच्याशी वाद घालायची मला हौस नाही. फक्त एक सांग. हे सगळं तू त्याला कुठे सांगितलंस? घरात की बाहेर, बसून की उभ्याने? सुम्ने विचारते, उगीच.

तुझी,
गिरिजा आत्या


म्हैसूर, २ जुलै २०२५

प्रिय आत्या,

यादी पोचली. तुमच्या अक्षराचा आमच्या कंपनीने फॉन्ट काढून विकावा इतकं ते सुंदर आहे. त्यावरून मी प्रोग्राममध्ये प्रत्येक ग्राहकाच्या पानावर एक नवी जागा केली: टपाल कसं पाठवायचं. निळा कान किंवा कोरं. जिथे कोरं आहे तिथे प्रोग्राम मेल पाठवणारच नाही, कुणी कितीही बटण दाबलं तरी. त्याऐवजी पत्र छापून देतो आणि पडद्यावर पिवळी पट्टी येते, साधं पाकीट वापरा. वनजा मॅडमनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग श्रीलक्ष्मीचं ऐकून सगळ्यांना बजावलं की कोऱ्या पाकिटवाल्यांबद्दल ऑफिसबाहेर, घरच्यांसमोरसुद्धा, अक्षर काढायचं नाही. तुमचा तो प्रश्न त्यांनी नव्या ग्राहकाच्या फॉर्ममध्ये घालायला सांगितलाय. जसाच्या तसा.

आता घेण्याची बाजू चालली आहे. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी कंपनीच्या मेलमध्ये डोकावतो. आलेल्या मेलचा पत्ता ज्या ग्राहकाच्या पानावर आहे तिथे तो मेल चिकटवतो. पहिल्याच दिवशी कृष्णराजनगरच्या एका आजोबांच्या पानावर अकरा मेल जाऊन बसले. कुणाची बॅटरी, कुणाचा साचा, एका बाईचं यंत्र म्हशीने चघळलेलं. मग उलगडा झाला. तिथल्या एका झेरॉक्सवाल्याच्या मेलवरून सगळं गाव लिहितं, आणि सगळ्यांच्या पानावर त्याचाच पत्ता. आता असे सामाईक पत्ते आणि ओळख न पटलेले मेल वेगळ्या ट्रेमध्ये पडतात. ते माणसाने वाचून जागेवर लावायचे. त्याला आम्ही बिनवारशी ट्रे म्हणतो.

पण आत्या, तुमच्या यादीत चाळीस नावं आहेत. जावक वहीतली टिंबं मी मोजली, दर तिमाहीला एक्केचाळीस. एक नाव राहिलंय. तेवढं कळवा, म्हणजे मी मेलचं बटण चालू करीन.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. पोरी तिळगुळाची, आपल्या एळ्ळु-बेल्लाची ताटं घेऊन घरोघर चालल्या होत्या. मी त्यांच्या मागे, दारात उभी होते. तोंडाकडे बघून मला बोलता आलं नसतं. चांगली दहा मिनिटं बोलले. त्यांनी मान वळवली नाही. मग उठून गेले, ते तासाभराने आले. त्या दिवशी मी जेवले नाही आणि त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. मला रागावले असते तरी चाललं असतं.

तुमची,
चंदना


मिरज, ९ जुलै २०२५

चि. चंदना,

आशीर्वाद. एक्केचाळिसावं नाव मी देणार नाही. या एका माणसाने माझ्याकडून वचन घेतलंय, कंपनीतल्यांनाही सांगायचं नाही म्हणून. त्याचं पत्र मी स्वतः लिहायची आणि स्वतः नेऊन द्यायची. त्याच्या पानावर मेलचा पत्ताच नाही, तेव्हा तुझा प्रोग्राम त्याला काही करणार नाही. तू बटण चालू कर.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचून मला हसावं की रडावं कळेना, आणि त्याचं कारण तुला सांगता येत नाही. एकाने इकडून तोंड बांधलंय, दुसरीने तिकडून. पण एवढं ऐक. मालोजीशी पुन्हा एकदा बोल. मागून नाही. समोर खुर्ची ओढून बस, त्याच्या तोंडाकडे बघ, टीव्ही बंद कर, आणि सावकाश सांग. म्हातारीचा हट्ट समज.

तुझी,
गिरिजा आत्या


म्हैसूर, १९ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तुमचं सगळं ऐकते, हे ऐकणार नाही. एकदा सांगितलं ते पुरे. समोर बसून मी हात जोडू का त्यांना?

तुम्हाला इथलं माहीत नाही. सकाळी येते म्हणून सांगते, ते पेपरातून मान वर करत नाहीत. जेवताना भात वाढू का विचारलं तर ताटाकडे बघत राहतात. परवा मी किल्ली घरात विसरले, दहा मिनिटं बेल वाजवली, शेवटी शेजारच्या नागोजीरावांच्या गच्चीवरून उतरून आले, तर अप्पा आत जागे, उशीला टेकून बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. यापेक्षा स्पष्ट नकार कसा असतो? मीही आता बोलणं कमी केलंय. धनुष म्हणतो मी येऊन भेटतो. त्याचा असा अपमान मला करून घ्यायचा नाही.

बटण एक ऑगस्टला चालू होईल.

चंदना


मिरज, ३० जुलै २०२५

चि. चंदना,

बेलचं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. म्हणून मी एक उद्योग केलाय. तो वचनात बसतो, शपथेतही बसतो, मी दोन्ही नीट तपासून घेतलं.

एका जुन्या ग्राहकाला मी पत्र लिहून कंपनीचा नवा मेलचा पत्ता दिलाय. तुझी जी अडचण आहे ती तिथे लिही, म्हटलं, दुकानात जायची गरज नाही. लिहील की नाही माहीत नाही, मोठा हेकट माणूस आहे. तुझा तो बिनवारशी ट्रे रोज तू स्वतः बघ. उदयला लावू नकोस.

गिरिजा आत्या


म्हैसूर, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

काल दुपारी तो मेल आला. ट्रेमध्ये तीन मेल होते. एक जाहिरात, एक झेरॉक्सवाल्याचा, आणि एक नव्याच पत्त्यावरून, कन्नडमध्ये. मराठी करून लिहिते, कारण तुम्ही तो वाचलेला नसणार.

"महोदय, माझे उजव्या कानाचे यंत्र डिसेंबरपासून शिट्टी मारते, म्हणून काढून ठेवले आहे. दुकानात येऊ शकत नाही, कारण डिसेंबरपासूनच माझी मुलगी तुमच्या ऑफिसात कामाला बसते. कानावर मफलर असल्याने मला यंत्र आहे हे तिला माहीत नाही. यंत्र टपालाने पाठवले तर चालेल का? उत्तर कोऱ्या पाकिटात यावे. मालोजीराव, विजयनगर."

मी ते चार वेळा वाचलं आणि मग जिन्यात जाऊन बसले. आत्या, मी तिथे बसते म्हणून त्यांना दुकानात जाता आलं नाही. म्हणजे संक्रांतीला त्यांच्या कानात काहीच नव्हतं. मी त्यांच्या पाठीशी दहा मिनिटं बोलत होते आणि ते ताटं घेऊन जाणाऱ्या पोरी बघत होते. सात महिने मी त्यांच्यावर रागावून आहे. मला इतकी लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं, की रडता रडता हसू यायला लागलं. ते नाही म्हणालेच नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

घरी धावत जावंसं वाटत होतं. मग आठवलं की हे कोऱ्या पाकिटाचं माणूस आहे. त्याचं गुपित घरच्यांना कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलंय, मीच प्रोग्राममध्ये तसं बांधलंय. आणि घरचं म्हणून जे कुणी आहे ती मीच. श्रीलक्ष्मीच्या दिराने केलं ते मी कसं करू? संध्याकाळी घरी गेले, त्यांच्यासमोर जेवले आणि काही बोलले नाही. फक्त भात विचारताना त्यांच्या समोर आले आणि हातात वाटी दाखवली. त्यांनी मान हलवली. इतकं सोपं होतं.

आज सकाळी मी त्यांना उत्तर लिहिलं. कंपनीकडून, प्रोग्राममधून, निळा कान काढून टाकून; यादीत नाव नसल्याने त्यांच्या पानावर कोऱ्याची खूण नाही, म्हणून मेल जाऊ शकला, आणि घरी आलेलं पाकीट तसंही माझ्याच हाती पडलं असतं. "आपले पत्र मिळाले. शिट्टी बहुधा नळीत मळ अडकल्याने येते, दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात. यंत्र घरी असेल तर आमचं माणूस सकाळी नेऊन संध्याकाळी आणून देईल. आपल्याबद्दल इतर कुणालाही कळणार नाही." आणि खाली सही केली: चंदना, टपाल विभाग.

नाव न घालता पाठवता आलं असतं. पण मग मी त्यांच्यापासून लपले असते. आता ते ओळखतील, आणि पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. दुपारचे तीन वाजलेत, अजून उत्तर नाही. प्रोग्राम दर पाच मिनिटांनी मेल बघतो आणि मी दर मिनिटाला.

चंदना


मिरज, १५ ऑगस्ट २०२५

चि. चंदना,

तुझं पत्र वाचलं आणि देवापुढे दिवा लावला. माझ्या मानेवरचं केवढं ओझं उतरलं ते मलाच ठाऊक. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हाच मी समजले होते, पण दोन्ही बाजूंनी बांधलेली. त्याला काही सांगू नको म्हणून तुझी शपथ, तुला काही सांगू नको म्हणून त्याचं वचन. मी फक्त एकाला पत्ता दिला आणि दुसरीला ट्रे दाखवला.

तो का लपवतो ते तुला कळायला हवं. आमच्या वडिलांना शेवटची दहा वर्षं ऐकू येत नसे. गल्लीतली पोरं त्यांच्या मागून जाऊन काहीबाही ओरडायची आणि ते आपल्याच नादात चालत राहायचे. सगळी हसायची. त्यात सगळ्यांच्या पुढे मालोजी असायचा, पंधरा वर्षांचा. पुढे स्वतः तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढली आणि त्याचेही कान गेले. यंत्र घ्यायला आला तेव्हा मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तो गप्प झाला. मग म्हणाला, "अक्का, माझ्या पोरीने मला हसलेलं मला चालणार नाही." मी म्हटलं, तुझी पोर तसली नाही. तो म्हणाला, मीही तसला नव्हतो.

तू सही केलीस ते बरं केलंस. मला सुचलं नसतं. काय झालं ते लगेच लिही, मला तंगवत ठेवू नकोस. गणपती बारा दिवसांवर आलेत.

गिरिजा आत्या


म्हैसूर, २१ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नका. जे झालं ते आधी मलाच नीट समजून घ्यायचं होतं.

त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. मी सकाळीच त्यांच्या पानावर पत्ता चढवून ठेवला होता, त्यामुळे ते ट्रेमध्ये न पडता सरळ त्यांच्या पानावर गेलं. प्रोग्रामचं जाणं आणि येणं पहिल्यांदाच न अडखळता पुरं झालं, आणि त्या वेळी माझ्या ते लक्षातही आलं नाही. उत्तर एका ओळीचं होतं: "यंत्र कपाटातल्या खालच्या खणात आहे, रुमालात गुंडाळून. कुलूप नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुमाल उचलला तेव्हा ते आंघोळीला गेले होते. मुद्दामच गेले असणार. उदयने यंत्र उघडलं, नळी बदलली, जाळी साफ केली. खरंच दहा मिनिटं लागली. कुणाचं म्हणून त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

संध्याकाळी रुमाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे न बघता यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, कुकरची शिट्टी झाली वाटतं. मी खुर्ची ओढून समोर बसले. त्यांना वाटलं यंत्राबद्दल विचारणार. ते आधीच सांगायला लागले, अजून इतकं काही वाईट नाही, नुसतं गर्दीत जरा कमी येतं, वगैरे. मी म्हटलं, "अप्पा, मला ते नाही बोलायचं. संक्रांतीला तुम्हाला काही सांगितलं होतं, ते परत सांगायचंय."

मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. धनुष, त्याची शाळा, त्याचं घर, अनुसूयाबाई, गणपतीची मुदत. तोंडाकडे बघून बोलायला भीती वाटत होती, पण ते माझ्या ओठांकडे इतकं लक्ष देऊन बघत होते की मध्ये थांबताच येईना. बोलून झालं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले. मला वाटलं, झालं, आता नाही म्हणणार.

ते म्हणाले, "संक्रांतीपासून मी समजत होतो, तूच माझ्याशी बोलणं टाकलंस. अम्मा गेल्यावर म्हाताऱ्याचा कंटाळा आला असेल, असं धरून चाललो होतो."

मी विचारलं, मग त्या दिवशी उठून कुठे गेला होतात? ऊस आणायला, म्हणाले. पोरींच्या ताटात उसाचे तुकडे बघितले आणि आठवलं की चंदनाला आवडतो. दोन दुकानं बंद होती म्हणून उशीर झाला. आणून सोलून ठेवला, तू हात लावला नाहीस. तेव्हाच त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपलं काही चुकलंय.

आत्या, मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बऱ्याच वर्षांनी. यंत्र मध्ये आलं आणि जोरात शिट्टी वाजली, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मी हसले ते त्यांनी बघितलं आणि त्यांना काही वाटलं नाही, तेही हसतच होते. माझा जीव तेव्हा खरा भांड्यात पडला.

धनुषबद्दल मात्र त्यांनी त्या दिवशी हो की नाही काही सांगितलं नाही. विचार करतो म्हणाले. मी म्हटलं करा, आता मला घाई नाही. आठ दिवस त्यांनी विचार केला. मध्ये एकदा कुठल्या इयत्तेला शिकवतो म्हणून विचारलं, एकदा उंची विचारली. आज सकाळी मी निघताना पेपर खाली ठेवून म्हणाले, "आयितु, ठरलं. रविवारी धनुषला आणि त्याच्या आईला जेवायला बोलाव. त्याला माझ्या उजव्या हाताला बसव, यंत्र त्या कानात आहे."

तुमची,
चंदना